निरोगी माणसांची मापं

निरोगी हृदय बघत बसण्याइतकं कंटाळवाणं काम जगात दुसरं नसेल. आजारी हृदयात काहीतरी घडत तरी असतं. निरोगी हृदय आपलं उघडतं, मिटतं, उघडतं, मिटतं, आणि बघणाऱ्याचे डोळेही त्याच्याबरोबर मिटायला लागतात.

फेलोशिपच्या अर्जात मी लिहिलं होतं की हृदयाच्या संशोधनाची मला लहानपणापासून ओढ आहे. खरं सांगायचं तर लहानपणापासून मला ओढ आहे ती दुपारच्या झोपेची. पण अर्जात असं लिहीत नाहीत. मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत हृदयविभागात संशोधन करायला मिळणार म्हणून आमच्या वर्गातल्या अर्ध्या लोकांनी अर्ज केले होते. निवड चौघांची झाली. उरलेले सुट्टीभर घरी लोळले. त्यांचा मला आता इतका हेवा वाटतो की त्यांचे फोनसुद्धा मी घेत नाही.

आमची खोली विभागाच्या अगदी मागे होती. पडद्यावरचं चित्र नीट दिसावं म्हणून खिडकीला काळा कागद चिकटवलेला. एसीचं पाणी एका बादलीत ठिबकायचं आणि बादली रिकामी करणं हेही आमच्या संशोधनातच मोडायचं. मला आलेल्या खुर्चीचं एक चाक गेलेलं होतं, त्यामुळे मी सगळी सुट्टी जराशी डावीकडे कलून काढली. काम असं, की माणसाच्या छातीची सोनोग्राफी केलेली असते, तिचं चित्र पडद्यावर हलत असतं. ते नेमक्या जागी थांबवायचं, आणि हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याच्या आधी आतल्या, मग बाहेरच्या कडेवरून माउसने रेघ फिरवायची. रेघ पुरी झाली की कप्पा केवढा, भिंत किती जाड, हे मशीन सांगतं. मग पुढचं चित्र. मग पुढचा माणूस.

हे सगळं निरोगी माणसांसाठी. पुस्तकात निरोगी हृदयाची म्हणून जी मापं असतात ती कुठल्या तरी दुसऱ्याच लोकांची असतात, आपल्या लोकांची मापं आपणच काढली पाहिजेत, असं मॅडमचं म्हणणं होतं. मॅडम म्हणजे आमच्या गाइड, विभागातल्या सगळ्यात जुन्या डॉक्टर. म्हणणं चुकीचं नव्हतं. फक्त ते खरं करता करता आमच्या नाकी नऊ आले.

मॅडमना आम्ही पाठीमागे ‘पुन्हाबाई’ म्हणायचो. आम्ही जीव ओतून काढलेली रेघ त्या क्षणभर बघायच्या आणि म्हणायच्या, “पुन्हा.” रागावून नाही, आवाज चढवून नाही. नुसतं ‘पुन्हा’, आणि पुढच्याच्या मागे जाऊन उभ्या. एखादी रेघ पसंत पडली तर काहीच म्हणायच्या नाहीत. आठवडाभर काही ऐकायला मिळालं नाही की आम्ही खूश.

त्यांची दुसरी दहशत जिन्यातली. विभाग वरच्या मजल्यावर होता आणि लिफ्टचा पेशंटना उपयोग होऊ दे म्हणून मॅडम जिन्यानेच जायच्या. त्यांच्याबरोबर जो सापडेल त्याचं काही खरं नसे. प्रत्येक वळणावर त्या थांबायच्या, कठड्याला हात टेकायच्या आणि एक प्रश्न विचारायच्या. “सांग, श्वास घेतला की दुसऱ्या ठोक्याचे दोन भाग का होतात?” आपण त-त-प-प करायचं आणि त्या शांतपणे ऐकत राहायच्या, घाई म्हणून नाही. इतर डॉक्टर असं अडाण्यासारखं उत्तर एवढा वेळ ऐकून घेत नाहीत. उत्तर संपलं की “बरं,” म्हणून पुढच्या वळणापर्यंत. जिन्यात त्यांची चाहूल लागली की आम्ही चौघेही लिफ्टकडे पळायचो, पेशंट असो नाहीतर नसो.

विभागात आणखी एक होते, कुलूपकाका. टेक्निशियन. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशीच ऐकू यायचं. सोनोग्राफी झाली की तिच्यावरचं नाव आणि वय काढून नुसता नंबर द्यायचा, हे काम त्यांचं. कोणता नंबर कोणाचा हे फक्त त्यांना माहीत. कारण माणूस साठीचा आहे हे कळलं की रेघ मारणारा हात आपोआप भिंत जाड काढतो. हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणून वाचन, म्हणजे हे मापं काढणं, चालू असताना नाव विचारायचं नाही. काकांना खोदून खोदून विचारलं तरी ते पान चाळल्यासारखे आपल्या तोंडाकडे बघत आणि म्हणत, “चहा घेणार?”

आता निरोगी माणसं आणायची कुठून? हॉस्पिटलात तर ती येत नाहीत. म्हणून आमच्या विभागाची एक जुनी पद्धत होती. फेलोशिपला आलेल्या प्रत्येकाने आपल्या घरची दोन धडधाकट माणसं आणून द्यायची. एकाने आईबाप आणले, एकीने आत्या आणि आत्याची शेजारीण. मला आईबाप नाहीत. मी मावशीला आणलं, आणि मावशीने तिच्या दुकानातल्या एका बाईला आणलं.

मावशी शाळेचे गणवेश शिवते. मी पाच वर्षांची असल्यापासून तिच्याकडे आहे. तिच्या तोंडाचा पट्टा शिलाई मशीनपेक्षा जोरात चालतो, कारण मशीनच्या आवाजावर बोलायची तिला सवय झाली आहे. तिची सोनोग्राफी मीच केली, फेलोशिपच्या पहिल्या आठवड्यात, जेव्हा सोनोग्राफीचा प्रोब छातीवर कसा धरायचा हे आम्ही नुकतंच शिकत होतो. डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून ती झोपली आणि बोलतच राहिली. हा जेल गार आहे, एवढा महागाचा पलंग आणि उशी ही अशी, तुझी खुर्ची मोडकी का, कोणाला सांगितलंस का. बोललं की छाती हलते आणि छाती हलली की चित्र पळतं. “मावशी, गप्प बस गं, चित्र हलतंय,” असं मी दहादा म्हटलं असेल. तिने दहाही वेळा “बरं बाई, बसते,” म्हणून त्यापुढे आणखी चार वाक्यं जोडली.

शिकण्याचा पहिला धडा आम्ही मॅडमवरच गिरवला होता. पहिल्या दिवशी कोणी माणूस हाताशी नव्हता, तर त्या स्वतःच पलंगावर आडव्या झाल्या आणि भिंतीकडे तोंड करून आम्हाला सूचना देत राहिल्या. “खाली घे. आणखी. डावीकडे झुकव. दाब की, मी काही फुटत नाही. आता झडपेचं घे. दिसतंय?” आम्ही चौघे पडद्याकडे बघत होतो. पडद्यावर राखाडी ढग होते. “दिसतंय मॅडम,” आम्ही म्हणालो. “छान आलंय?” “छान आलंय मॅडम.” काका त्या दिवशी रजेवर होते. आणि मॅडमना गप्प बसा म्हणायची टाप कोणाची होती?

तर असे दिवस चालले होते. उघडतं, मिटतं, रेघ, पुन्हा. सुट्टी सरत आली, माझे डोळे सकाळपासून चुरचुरायचे, आणि घरी गेल्यावर भाताच्या ताटाच्या कडेवरूनही माझं बोट रेघ मारत फिरायचं. तेव्हा चाळीस नंबर माझ्यासमोर आला.

पहिल्यांदा वाटलं डोळे दमलेत. मी बादली रिकामी करून आले. परत बघितलं. कप्प्याच्या भिंती जाड होत्या, साध्या जाड नाही, आतली जागा खाऊन टाकतील इतक्या. आणि कप्प्यातून रक्त बाहेर जातं तिथली झडप पांढरी, टणक झालेली. तिची पातळ पानं मोकळी उघडायला हवीत, तर ती कशीबशी एक फट करत होती आणि बिचारं हृदय त्या फटीतून सगळ्या शरीराचं रक्त ढकलत होतं. पहिल्या आठवड्यात मला हे ढग दिसले असते. आता दिसत होतं. कंटाळ्याचा तेवढा फायदा.

असा माणूस काही दिवस नुसता दमतो. मग जिना चढताना थांबतो. मग एक दिवस चक्कर येऊन पडतो, आणि कधी कधी उठत नाही. झडप बदलली तर मात्र ठणठणीत होतो. म्हणजे कोणीतरी त्याला सांगायला हवं.

आणि चित्र हलत होतं. ठोक्याबरोबर नाही, मधेच. पळायचं, जागेवर यायचं, पुन्हा पळायचं. हा माणूस सबंध वेळ बोलत होता.

काळजात धस्स झालं. हृदय शिकणाऱ्या मुलीने असं म्हणू नये, पण दुसरं काय म्हणू? दोनच दिवसांपूर्वी मावशी कापडाचा गठ्ठा घेऊन आमचा जिना चढत होती. मधल्या वळणावर तिने गठ्ठा खाली ठेवला होता. “थांब जरा,” म्हणाली, “वय झालं आता.” आणि मी, हृदयाची फेलोशिप करणारी विदुषी, मोबाइल बघत वरती निघून गेले होते.

मी काकांकडे गेले. ते प्रोब पुसत होते.

“काका, चाळीस नंबर कोणाचा?”

“चहा घेणार?”

“काका, मस्करी नाही. झडप खराब आहे. खूप खराब.”

त्यांनी पुसायचं थांबवलं. “मग मॅडमना दाखव. दोन वाचनं जुळली की नाव निघतं. त्याआधी नाही.”

“माझी मावशी असेल तर?”

“तर काय? तुझी मावशी असली तर लवकर काढू आणि शेजाऱ्याची असली तर उशिरा, असं करायचं का?” मग त्यांनाच वाईट वाटलं असावं. “मॅडम मीटिंगला बाहेर गेल्यात. उद्या सकाळी येतील. सगळ्यात आधी हेच कर.”

काकांचं बरोबर होतं, आणि बरोबर असल्यामुळेच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

संध्याकाळी घरी मावशी मशीनवर बसली होती. मी तिच्या समोर स्टूल ओढून बसले. तिच्या मानेवरची शीर उडताना दिसते का ते बघितलं. पाय सुजलेत का ते बघितलं. तिने दोरा दाताने तोडला.

“काय गं, अशी टक लावून काय बघतेस? कापड घ्यायचंय का?”

“तुला दम लागतो का? जिना चढताना?”

“गठ्ठा उचलून चढून बघ, तुलाही लागेल.”

“चक्कर येते?”

“तुझे प्रश्न ऐकून यायला लागली आहे.” तिने मशीन थांबवलं. “का? माझ्या फोटोत काही निघालं का?”

“तुझा फोटो कुठला आहे तेच मला माहीत नाही. नियम आहे तसा.”

“मग कशाला जीव टांगणीला लावतेस माझा?” असं म्हणून ती पुन्हा शिवायला लागली, पण त्या रात्री ती कमी बोलली. मला तिचं बोलणं इतकं हवंसं कधीच वाटलं नव्हतं. स्टुलावर बसून मी मनातल्या मनात म्हणत होते, ती नको. दुसरं कोणीही असू दे. मी अगदी याच शब्दांत म्हटलं, कोणीही असू दे.

सकाळी मॅडम आल्या. चेहरा ओढलेला, पण तो नेहमीच ओढलेला असायचा. खोलीत येऊन त्या आधी खुर्चीत बसल्या, पर्स मांडीवर तशीच. एक चित्र दाखवायचंय, असं मी म्हणाले. मग म्हणाल्या, “हं. दाखव.”

मी चाळीस नंबर लावला. माझं वाचन सांगितलं नाही, तसा नियमच होता. बाकीचे तिघे आपापल्या खुर्च्या सरकवून मागे आले. मॅडमनी चष्मा लावला, माउस हातात घेतला आणि एकदाच रेघ मारली. त्यांची रेघ अशी निघायची की ती आधीपासून तिथेच होती असं वाटावं. झडपेच्या चित्रावर त्या बराच वेळ थांबल्या.

“हा निरोगी म्हणून कोणी घेतला?”

 सगळे एकमेकांच्या बुटांकडे बघायला लागले.

“झडप जन्मापासूनच तीनच्या ऐवजी दोन पानांची असणार. वर्षानुवर्षं घासून दगड झाली आहे. भिंती बघा. एवढ्या जाड व्हायला किती वर्षं लागली असतील? इतकी वर्षं या माणसाला दम लागत असणार. आणि हा काय म्हणत असणार, सांगा?” त्या आमच्याकडे वळल्या. जिन्यातला प्रश्न विचारावा तसा त्यांनी तो विचारला.

“वय झालं म्हणत असेल,” मी म्हणाले. 

“वय झालं म्हणेल. ॲसिडिटी म्हणेल. झोप कमी झाली म्हणेल. मला एवढा राग येतो ना या लोकांचा! हात-पाय मोडला तर धावत येतात, आणि इथे सगळं रक्त एका फटीतून जातंय तर म्हणे दमणूक आहे.” त्यांना खोकला आला, त्या थांबल्या, आणि पुन्हा सुरू झाल्या. “काका, नाव काढा. जो कोणी असेल त्याला आजच इथे बोलवा. कामं आहेत म्हणेल, ऐकू नका. पुढच्या महिन्यात येतो म्हणेल, अजिबात ऐकू नका. धरून आणा.”

काकांनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं. मग चष्मा काढून शर्टाला पुसला आणि परत बघितलं.

“मॅडम, आपण जरा बाहेर बोलू या का?”

“बाहेर कशाला? बोला.”

 “माझी मावशी आहे ना, काका?”

त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. नाही.

माझ्या जिवात जीव आला. नुसता जीव आला नाही, आनंद झाला. अगदी खराखुरा, पोटातून उसळलेला आनंद. मी हसलेसुद्धा असेन. तेवढ्यात काका अगदी हळू म्हणाले, “मॅडम, हे पहिल्या दिवसाचं आहे. तुम्ही पोरांना शिकवत होतात तेव्हाचं.”

मॅडमनी माउस सोडला.

“ते यात कसं आलं?” मॅडमनी विचारलं.

“मी रजेवरून आलो तेव्हा तुम्हीच म्हणालात. चित्र छान आलंय म्हणतात पोरं, तर टाका, तेवढाच एक माणूस वाढला.”

मॅडम पडद्याकडे बघत राहिल्या. रोज दुसऱ्यांची हृदयं वाचणाऱ्या त्या बाईने स्वतःची छाती आमच्या चार अडाण्यांच्या हातात दिली होती, भिंतीकडे तोंड करून. आणि आम्ही छान आलंय म्हटलं होतं. मला एकदम जिन्यातली वळणं आठवली. कठड्यावरचा तो हात. आमची लांबण लागलेली उत्तरं त्या शांतपणे का ऐकून घ्यायच्या ते आत्ता कळलं. त्यांना उत्तर नको असायचं. दम खायला वेळ हवा असायचा. त्यांना स्वतःला तरी हे माहीत होतं की नाही देव जाणे. आणि आम्ही लिफ्टकडे पळायचो. माझा आनंद तिथल्या तिथे आंबला. मला स्वतःची इतकी लाज यापूर्वी कधी वाटली नव्हती.

“वाचन बाद करा,” मॅडम म्हणाल्या. “वाचणाऱ्यानेच स्वतःचं वाचलंय, ते चालत नाही.” मग पर्सची चेन लावली, उघडली, लावली. “आणि मी बघते पुढे काय ते. तुमची फेलोशिप संपू दे आधी. एवढ्या रेघा मारायच्या राहिल्या आहेत. पुढच्या महिन्यात—”

बाकीचे तिघे खाली बघत होते. बोलायचं कोणीतरी हवं होतं, आणि काल रात्री ‘दुसरं कोणीही असू दे’ असं मीच म्हटलं होतं.

“मॅडम,” मी म्हणाले, “पुढच्या महिन्यात येतो म्हणेल, अजिबात ऐकू नका. असं तुम्ही आत्ताच म्हणालात.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत त्यांनी माझ्याकडे असं पहिल्यांदाच बघितलं असेल, एरवी माझ्या रेघेकडेच बघायच्या. मला वाटलं आता काही माझी धडगत नाही.

“धरून आणा, असंही म्हणाले होते,” त्या म्हणाल्या.

“हो मॅडम.”

काकांनी तोवर सर्जनना फोन लावला होता. आजच्या आज बघतो, पण नीट घेतलेलं नवीन चित्र लागेल, असं ते म्हणाले. काकांनी पलंगावर नवा कागद अंथरला, उशी झटकली. मॅडमनी चप्पल काढून एका बाजूला नीट ठेवली आणि डाव्या कुशीवर झोपल्या, भिंतीकडे तोंड करून. काकांनी प्रोब लावला.

“जरा खाली घ्या,” भिंतीकडून आवाज आला. “तिथे नाही, अजून डावीकडे. आणि चित्राची ती डेप्थ किती ठेवली आहे? मुलांना दिसतंय का बघा, मागे उभी असतील ती—”

चित्र पळालं. काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी इतकी वर्षं मॅडमच्या हाताखाली काढली होती, त्यांच्या तोंडून ते निघणार नव्हतं.

“मॅडम, बोलू नका,” मी म्हणाले. “चित्र हलतंय.”

त्या गप्प झाल्या. एकदम, शाळेतल्या मुलीसारख्या. पडद्यावरचं हृदय जागेवर आलं. जाड भिंती, पांढरी झडप, आणि ती फट. काकांनी चित्र थांबवलं.

मॅडमनी न वळताच विचारलं, “काय दिसतंय?”

“तेच,” मी म्हणाले.

त्यांचा खांदा जरासा खाली गेला. मग त्या म्हणाल्या, “पुन्हा.”

तो शब्द मी सुट्टीभर ऐकला होता. असा कधी ऐकला नव्हता. काकांनी प्रोबवर नवा जेल घेतला, आणि आम्ही पुन्हा घेतलं.